आपत्ती सांगून येत नाही, अनुदान मात्र सांगून येतं!



आपण या ब्लॉगवर नेहमी मधुमेह, रक्तदाब, लसी, ताप अशा विषयांवर बोलतो. आजचा विषय पाहून काही जण म्हणतील, "डॉक्टर, सरकारी अनुदानाशी तुमचा काय संबंध?" संबंध आहे, आणि तो जवळचा आहे. पूर, आग, चेंगराचेंगरी, बॉम्बस्फोट, इमारत कोसळणं या प्रत्येक घटनेत माणूस शेवटी रक्तस्रावाने, श्वास कोंडून किंवा हृदय बंद पडून मरतो. ते मरण टाळायला लोकांना शिकवावं म्हणून सरकार दरवर्षी पैसे देतं. तो पैसा तुमचा आहे. त्यातून तुम्हाला काय मिळालं, हे विचारायची वेळ आली आहे.

माझं म्हणणं आधीच स्पष्ट सांगतो. आपत्तीच्या तयारीचं अनुदान आपण वस्तूंवर आणि कार्यक्रमांवर खर्च करतो. ते माणसांच्या हातांवर खर्च व्हायला हवं. हातांना कौशल्य द्यायचं, ते दर काही महिन्यांनी तपासायचं आणि हिशेबही त्याचाच मागायचा. एवढं झालं नाही, तर कितीही कोटी मंजूर झाले तरी पुढच्या दुर्घटनेत आपण पुन्हा "मदत वेळेवर पोहोचली नाही" हेच वाक्य वाचणार आहोत.

पैसा येतो कुठून?

२००५ साली आपल्याकडे आपत्ती व्यवस्थापन कायदा झाला. त्याच वर्षी जानेवारीत मांढरदेवीच्या यात्रेत चेंगराचेंगरी होऊन सुमारे ३०० माणसं गेली होती आणि २६ जुलैला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडून मुंबई बुडाली होती. कायद्याने राष्ट्रीय, राज्य आणि जिल्हा अशी तीन पातळ्यांवर प्राधिकरणं आली. जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात जिल्हाधिकारी. कायद्यात निधीचीही तरतूद झाली. पण बरीच वर्षं या निधीचा भर होता मदत वाटण्यावर. म्हणजे माणूस गेला की वारसांना भरपाई, घर पडलं की मदत.

पंधराव्या वित्त आयोगाने ही रचना बदलली. २०२१ ते २०२६ या पाच वर्षांसाठी सर्व राज्यांना मिळून १,६०,१५३ कोटी रुपयांचा आपत्ती जोखीम व्यवस्थापन निधी ठरवला. त्याची विभागणी समजून घ्या, कारण पुढचा सगळा वाद त्यावरच आहे. १०० रुपयांतले ४० रुपये प्रतिसाद आणि मदतीला, ३० पुनर्बांधणीला, २० धोका कमी करण्याच्या कामांना आणि उरलेले १० रुपये पूर्वतयारी आणि क्षमताबांधणीला. प्रशिक्षण, सराव, प्रशिक्षण संस्था, जिल्ह्याची प्रतिसाद यंत्रणा हे सगळं या १० रुपयांत येतं.

आता साधं गणित करू. १,६०,१५३ कोटींचे १० टक्के म्हणजे साधारण १६,००० कोटी. पाच वर्षांनी भागा: वर्षाला ३,२०० कोटी. देशाची लोकसंख्या १४० कोटी धरली तर माणशी वर्षाला सुमारे २३ रुपये. एका वडापावाचे पैसे! तुमच्या तयारीसाठी एवढीच रक्कम आहे. म्हणूनच त्यातला प्रत्येक रुपया कुठे जातो, हे बघायला हवं. रक्कम मोठी असती तर थोडी उधळपट्टी खपलीही असती.

याशिवाय वेगळ्या योजना आहेत. अग्निशमन सेवांच्या विस्तारासाठी आणि आधुनिकीकरणासाठी ५,००० कोटींची योजना २०२३ मध्ये सुरू झाली. 'आपदा मित्र' योजनेत ३५० जिल्ह्यांत १ लाख स्वयंसेवक तयार करण्यासाठी ३६९.४१ कोटी रुपये ठेवले गेले. १२ दिवसांचं प्रशिक्षण, एक साहित्याची पिशवी आणि तीन वर्षांचा विमा असं तिचं स्वरूप. त्यापुढे 'युवा आपदा मित्र' आली, तिच्यात एनसीसी, एनएसएस, स्काऊट-गाईडमधले तरुण घ्यायचे आहेत. कागदावर ही दिशा योग्य आहे, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. माझं भांडण पुढे काय होतं त्याच्याशी आहे.

पहिली दहा मिनिटं कुणाची?

आता थोडं शरीरशास्त्र, कारण अनुदान कुठे लावायचं हे शरीरच सांगतं.

मांडीतली मोठी रोहिणी कापली गेली तर माणूस ३ ते ५ मिनिटांत रक्तस्रावाने दगावू शकतो. हृदय अचानक बंद पडलं आणि कुणी छातीवर दाब दिला नाही, तर वाचण्याची शक्यता दर मिनिटाला ७ ते १० टक्क्यांनी घटत जाते. मेंदूला ४-५ मिनिटं प्राणवायू मिळाला नाही की कायमची इजा सुरू होते. बेशुद्ध माणूस पाठीवर पडला असेल, तर जीभ मागे जाऊन किंवा उलटी घशात अडकून तो गुदमरतो. यातली एकही गोष्ट रुग्णवाहिकेची वाट बघत नाही.

महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकाची सेवा आहे. ९३७ रुग्णवाहिकांनी ती सुरू झाली आणि तिने असंख्य जीव वाचवले आहेत. पण मुंबईच्या गर्दीत किंवा मेळघाटाच्या रस्त्यावर तिला तीन मिनिटांत पोहोचता येणार नाही. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडी तर त्यानंतर काही तासांनी येते. त्यांचा यात दोष नाही, अंतरच तेवढं असतं.

मग पहिल्या दहा मिनिटांत तिथे कोण असतं? ११ जुलै २००६ आठवा. मुंबईच्या पश्चिम रेल्वेवर ११ मिनिटांत सात स्फोट झाले, दोनशेच्या आसपास माणसं गेली, शेकडो जखमी झाले. रुळांशेजारच्या वस्त्यांतले लोक घरातल्या चादरी घेऊन धावले, प्रवाशांनी प्रवाशांना उचललं, मिळेल त्या टेम्पोत आणि रिक्षात घालून रुग्णालयात नेलं. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ जण गेले, तेव्हाही आजूबाजूचे लोक आणि प्रवासीच पुढे झाले. आपल्याकडे धावून जाणाऱ्यांची कमी कधीच नव्हती. धावून गेल्यावर नेमकं काय करायचं, हे त्यांना कुणी शिकवलेलं नव्हतं.

आणि शिकवायचं तरी किती असतं? वाहतं रक्त थेट दाबून धरणं. हात-पायाचं रक्त दाबूनही थांबत नसेल तर जखमेच्या वर, सांध्यावर नाही, घट्ट आवळपट्टी बांधून वेळ लिहून ठेवणं. (साप चावल्यावर मात्र आवळपट्टी अजिबात बांधायची नाही, हेही त्याच तासात शिकवायचं!) बेशुद्ध पण श्वास घेणाऱ्या माणसाला कुशीवर वळवणं. श्वास बंद असेल तर छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० या वेगाने, ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाब देणं. मणक्याला मार लागला असावा असं वाटलं आणि आग, पाणी, ढिगारा असा लगेचचा धोका नसेल, तर माणसाला ओढाताण न करणं. हे सगळं अर्ध्या दिवसात शिकवता येतं. हे वाचून मात्र येत नाही. पुतळ्यावर हात चालवावा लागतो, घाम यावा लागतो.

अमेरिकेने भरलेली फी

या बाबतीत अमेरिकेचा अनुभव उपयोगी आहे, कारण त्यांनी आपल्याआधी आणि आपल्यापेक्षा खूप जास्त पैसा यावर ओतला. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर अंतर्गत सुरक्षेचं वेगळं खातं २००३ मध्ये सुरू झालं आणि राज्यांना, शहरांना अनुदानाचा पूर आला. पैसे आले की ते खर्च करायला कारणं सापडतात. न्यू हॅम्पशायर राज्यातल्या कीन नावाच्या छोट्या गावाने चिलखती गाडीसाठी अर्ज केला. गावाची वस्ती सुमारे २३ हजार. धोक्यांच्या यादीत त्यांनी गावचा भोपळ्यांचा उत्सव लिहिला! आणि अनुदान मंजूर झालं. २०१२ मध्ये सिनेटर टॉम कोबर्न यांनी या खर्चावर एक अहवाल काढला. सॅन दिएगोजवळच्या एका सुरक्षा परिषदेत 'झोंबी' हल्ल्याचं नाट्यमय प्रात्यक्षिक झालं होतं आणि त्या परिषदेचं सुमारे १,००० डॉलर शुल्क अनुदानातून भरायची मुभा होती, हे त्यात मांडलं होतं.

त्याच काळात दुसरीकडे काय चाललं होतं? रुग्णालयांच्या आपत्कालीन तयारीसाठीचं केंद्रीय अनुदान सुरुवातीच्या वर्षांत ५० कोटी डॉलरच्या वर होतं, ते २०१४ पर्यंत जवळपास निम्म्यावर आलं. चिलखती गाडीचा फोटो छान येतो. परिचारिकेच्या प्रशिक्षणाचा फोटो कोण छापणार?

पण याच देशातलं दुसरं उदाहरणही सांगतो, म्हणजे सगळं अनुदान वाया जातं असा समज नको. १५ एप्रिल २०१३ ला बोस्टन मॅरेथॉनच्या अंतिम रेषेजवळ दोन स्फोट झाले. तिघे जागीच गेले, २६० हून अधिक जखमी झाले, अनेकांचे पाय तुटले. पण जे जिवंत रुग्णालयात पोहोचले ते सगळे वाचले. शर्यतीसाठी डॉक्टरांचा तंबू जवळच होता, शहरात मोठी ट्रॉमा केंद्रं होती, हे खरंच. पण यंत्रणांनी आणि रुग्णालयांनी आधी एकत्र सराव केले होते, जखमी एकाच दारात न लोटता वेगवेगळ्या रुग्णालयांत वाटले गेले आणि रस्त्यावरच्या लोकांनी हाताला मिळेल त्या पट्ट्याने, कापडाने पाय आवळले. त्या घटनेनंतर तिथल्या शल्यविशारदांनी आग्रह धरला की सामान्य माणसाला रक्तस्राव थांबवायला शिकवा, आणि २०१५ मध्ये त्याची देशव्यापी मोहीम सुरू झाली. पैसा एकाच देशाचा आणि कारणही एकच, तरी एका ठिकाणी चिलखती गाडी आली आणि दुसऱ्या ठिकाणी माणसं वाचली.

आपला आजार: तीन लक्षणं

पहिलं लक्षण: खरेदीचा ताप. मार्च अखेर जवळ आला की निधी 'खर्ची टाकायचा' असतो. उपयोगिता प्रमाणपत्र द्यायचं असतं. वस्तू घेतली की बिल येतं, साठा नोंदवहीत नोंद होते, लेखापरीक्षण सुखाने पार पडतं. शंभर माणसांच्या हातातलं कौशल्य कोणत्या नोंदवहीत लिहिणार? म्हणून बोटी, दिवे, दोर, जॅकेट, ड्रोन यांची खरेदी होते आणि प्रशिक्षण मागे पडतं. वस्तू लागतातच, मी नाकारत नाही. पण ८ ऑगस्ट २०१९ आठवा. सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळला महापुरातून लोकांना बाहेर काढताना बोट उलटली आणि दहाहून अधिक माणसं बुडाली. बोट होती. तिच्यात झेपतील त्यापेक्षा जास्त माणसं होती. जीव मुठीत धरून बसलेल्या लोकांना मी कसा दोष देऊ? पण "इतकीच माणसं, जॅकेट घातल्याशिवाय कुणी नाही" असं ठामपणे सांगणारा, तसा सराव केलेला माणूस प्रत्येक बोटीमागे तयार करणं, हे पूर्वतयारीच्या पैशांचं काम होतं आणि आहे.

दुसरं लक्षण: देखाव्याची पुरळ. रंगीत तालीम, म्हणजे आपल्या रोजच्या भाषेत 'मॉक ड्रिल'. एका रुग्णालयात मी स्वतः पाहिलेली तालीम सांगतो. तारीख आणि वेळ आठवडाभर आधी जाहीर. त्या दिवशी अपघात विभाग झाडून लख्ख, सगळे वरिष्ठ हजर, खोटे जखमी वेळेवर हजर. बरोबर चाळीस मिनिटांत सगळे 'वाचले', चहा झाला, फोटो झाला, अहवालात 'यशस्वी'. खऱ्या आपत्ती रात्री दोन वाजता येतात, एक निवासी डॉक्टर आणि दोन परिचारिका ड्युटीवर असताना. सरावात चुका सापडल्याच नाहीत, तर तो सराव नव्हता. समारंभ होता.

७ मे २०२५ ला देशभर नागरी संरक्षणाचा मोठा सराव झाला. २४४ नागरी संरक्षण जिल्हे त्यात होते. भोंगे वाजले, काही ठिकाणी दिवे मालवले गेले. गरज होतीच. पण मला सांगा, त्यानंतर तुमच्या सोसायटीत, तुमच्या गावात, तुमच्या मुलांच्या शाळेत पुन्हा कुणी आलं का? नागरी संरक्षण कायदा १९६८ चा आहे. भोंगा ऐकला की काय करायचं, हे आपल्या घरातल्या किती जणांना नक्की माहीत आहे? आज रात्री जेवताना विचारून बघा.

तिसरं लक्षण: विस्मरण. हा सगळ्यात दुर्लक्षित मुद्दा. छातीवर दाब देण्याचं कौशल्य प्रशिक्षणानंतर ३ ते ६ महिन्यांतच ओसरू लागतं, हे वारंवार दिसून आलेलं आहे. डॉक्टर-परिचारिकांचंही ओसरतं. मग एकदा १२ दिवस शिकवून प्रमाणपत्र दिलेला आपदा मित्र चौथ्या वर्षी काय करणार? त्याचा विमा तीन वर्षांनी संपतो. त्याच्या कौशल्याची मुदत किती, हे प्रमाणपत्रावर छापलेलं असतं का? आपण लसीचा बूस्टर विसरत नाही, गाडीचा पीयूसी मुदत संपली की काढतो, गॅसच्या नळीवरची तारीख बघतो. जीव वाचवणाऱ्या हातांनाच काय ती मुदत नाही!

आकडाही बघा. १ लाख स्वयंसेवक, ३५० जिल्हे: जिल्ह्यामागे सरासरी २८६. महाराष्ट्रात ३६ जिल्हे आणि चाळीस हजारांहून जास्त गावं, म्हणजे जिल्ह्याला सरासरी हजाराच्या वर गावं. त्या सरासरीने साधारण चार गावांत एक आपदा मित्र. तो नोकरीला पुण्या-मुंबईला गेला की चार गावांत शून्य.

रुग्णालयांची गोष्ट वेगळी नाही

आता माझ्याच घरातलं बोलतो. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या अतिदक्षता विभागात आग लागली. १७ बाळं होती, त्यातली १० गेली. दहा महिन्यांनी, ६ नोव्हेंबरला, तेव्हाच्या अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयातल्या अतिदक्षता विभागात आग लागून ११ रुग्ण गेले. मधल्या काळात, २१ एप्रिलला, नाशिकच्या महापालिका रुग्णालयात प्राणवायूच्या टाकीला गळती लागून पुरवठा खंडित झाला आणि व्हेंटिलेटरवरचे वीसहून अधिक रुग्ण गेले.

या प्रत्येक घटनेनंतर तपासणीचे आदेश निघाले, अग्निशामक उपकरणं आली. छान. पण माझा प्रश्न परिचारिकेबद्दल आहे. धूर भरलेल्या विभागात, वीज गेलेली असताना, नळ्यांना जोडलेली बाळं कोणत्या क्रमाने, कोणत्या दाराने, कशात घालून बाहेर न्यायची, याचा सराव तिला कधी मिळतो? प्राणवायूचा मुख्य नळ कुठे बंद होतो, तो बंद करायचा निर्णय कुणाचा, आणि तो बंद केला की कुणाला हाताने श्वास द्यायचा, हे तिला कुणी दाखवलं आहे का? राष्ट्रीय प्राधिकरणाने वैद्यकीय तयारी आणि एकाच वेळी येणाऱ्या मोठ्या संख्येच्या जखमींबद्दल मार्गदर्शक सूचना २००७ मध्येच काढल्या. रुग्णालयांच्या सुरक्षिततेबद्दल २०१६ मध्ये. कागद आहेत. कागदातलं हातात उतरवायला पैसे आणि वेळ लागतो, आणि नेमका त्याचाच हिशेब कुणी मागत नाही.

जखमींची वर्गवारी हेही असंच एक कौशल्य. लाल म्हणजे आत्ता काही केलं तर वाचेल, पिवळा म्हणजे थोडा थांबू शकेल, हिरवा म्हणजे चालता-बोलता, काळा म्हणजे गेलेला किंवा वाचण्यापलीकडचा. ऐकायला सोपं. प्रत्यक्षात सगळ्यात जास्त ओरडणारा बहुतेक हिरवा असतो आणि लाल गप्प पडलेला असतो. चालते जखमी स्वतःच्या पायांनी जवळच्या रुग्णालयात आधी पोहोचतात, खाटा भरतात, आणि मागून आलेल्या लाल रुग्णाला जागा नसते. गलबल्यात डोकं शांत ठेवून गप्प माणसाकडे आधी वळणं, हे सरावाशिवाय कुणालाही जमत नाही. मलाही नाही.

"पण डॉक्टर..."

काही हरकती ठरलेल्या आहेत, त्यांची उत्तरं देऊन ठेवतो.

*"लोकच प्रशिक्षणाला येत नाहीत."* मंगळवारी सकाळी ११ वाजता तालुक्याच्या सभागृहात बोलावलं तर कोण येणार? लोक जिथे आहेत तिथे जा. बचत गटाच्या बैठकीत, गणेश मंडळात, दहीहंडीच्या पथकात, रिक्षा स्टँडवर, वारीच्या दिंडीत. दहीहंडीला सात थर लावणाऱ्या मुलांना मणक्याची काळजी कशी घ्यायची हे शिकवलं, तर ते जन्मभर विसरणार नाहीत.

*"सामान्य माणूस मदत करायला गेला आणि पोलिसांच्या लफड्यात अडकला तर?"* रस्ता अपघातात मदत करणाऱ्याला २०१९ च्या मोटार वाहन कायद्यातल्या दुरुस्तीने, कलम १३४ अ ने, संरक्षण दिलं आहे. नाव-पत्ता सांगायची सक्ती करता येत नाही. हे लोकांना माहीत नाही, हाही प्रशिक्षणाच्या अपयशाचाच भाग.

*"कौशल्य मोजायचं कसं?"* अगदी सोपं आहे. पूर्वसूचना न देता जा. पुतळा समोर ठेवा. दोन मिनिटं दाब द्यायला सांगा. वेग आणि खोली मोजणारे पुतळे मिळतात. शंभर प्रशिक्षितांपैकी कितींना जमलं, तो आकडा जाहीर करा. शाळेत मुलांची परीक्षा घेतो की नाही आपण?

*"साहित्यही लागतंच ना?"* लागतं. पण दंडक ठेवा: जी वस्तू चालवायला प्रशिक्षित माणूस नाही, ती विकत घ्यायची नाही.

मग मागायचं काय?

१ एप्रिल २०२६ पासून सोळाव्या वित्त आयोगाच्या पाच वर्षांचा हिशेब लागू होतो. नवा पैसा जुन्या सवयींनी खर्च व्हायच्या आत या पाच गोष्टी मागूया:

१. जिल्ह्याच्या पूर्वतयारी निधीतला किमान अर्धा वाटा माणसांच्या प्रशिक्षणाला आणि उजळणीला बांधून ठेवावा. हे प्रमाण माझं आहे. कुणाला वेगळं सुचत असेल तर कारणासकट मांडावं, पण प्रमाण ठरवावंच.

२. प्रमाणपत्रावर मुदत छापावी. सहा महिन्यांनी छोटी उजळणी, दोन वर्षांनी पुन्हा परीक्षा.

३. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात वर्षातून दोन सराव पूर्वसूचनेशिवाय व्हावेत, त्यातला एक रात्रपाळीत. अहवालात सापडलेल्या चुका लिहिणं सक्तीचं असावं. चुका शून्य असतील तर सराव पुन्हा घ्यावा.

४. पहिला हक्क जागेवर असणाऱ्यांचा: आशा, अंगणवाडी सेविका, एसटीचे चालक-वाहक, शिक्षक, पोलीस, रिक्षावाले, साखर कारखान्यांचे आणि एमआयडीसीतले कामगार, नदीकाठचे नावाडी. बुडालेली मजुरी भरून द्या. आशाताईंवर आणखी एक बिनपैशाचं काम लादू नका!

५. जिल्ह्याच्या संकेतस्थळावर एक पान असावं: निधी किती आला, साहित्यावर किती, प्रशिक्षणावर किती, किती माणसं शिकली आणि तपासणीत किती उत्तीर्ण झाली.

आणि तुम्ही?

सरकारला चार शब्द सुनावून आपण मोकळे, असं होणार नाही. माहितीच्या अधिकाराचा अर्ज १० रुपयांत होतो, ३० दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे. जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाला चार प्रश्न विचारा: गेल्या वर्षी पूर्वतयारी आणि क्षमताबांधणीसाठी किती निधी मिळाला? त्यातला प्रशिक्षणावर किती गेला? माझ्या तालुक्यात प्रशिक्षित आपदा मित्र किती? त्यांची शेवटची उजळणी कधी झाली? गावात असाल तर ग्रामसभेत विचारा. शहरात असाल तर नगरसेवकाला विचारा. पालक असाल तर मुलांच्या शाळेच्या बैठकीत विचारा, की आग लागली तर चौथीच्या वर्गाला कोण आणि कोणत्या जिन्याने खाली आणणार.

दुसरं, उत्तराची वाट न बघता स्वतः शिका. जवळचं वैद्यकीय महाविद्यालय, रेड क्रॉस, सेंट जॉन ॲम्ब्युलन्स, अग्निशमन केंद्र, कुणालाही गाठा. दहा-पंधरा जण जमवून अर्ध्या दिवसाचं प्रशिक्षण मागा. बहुतेक ठिकाणी नाही म्हणत नाहीत.

तुमच्या अर्जाला उत्तर आलं, तर आकडे मला नक्की पाठवा. जिल्ह्यांची नावं घालून त्याचा तक्ता याच ब्लॉगवर मांडेन. एखाद्या जिल्ह्याने हे काम चांगलं केलं असेल, तर त्याचंही कौतुक आधी करू, म्हणजे शेजारच्या जिल्ह्याला लाज वाटेल. वडापावाच्या किमतीइतकाच पैसा आहे आपला. निदान त्या पैशात भूक भागते की नाही, एवढं तरी विचारूया!